आक्काचा खोटा चंद्र

सुमनआक्का रोज सकाळी आपल्या भावाला तो आहे का, असं विचारते. भाऊ तिच्या समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, पलंगावर निजलेला असतो. तरी ती विचारते, आणि तेही नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी अशा आवाजात. "सुदाम, हाय काय रं?" मग मान जराशी तिरकी करून थांबते. उत्तर येत नाही. गेल्या वर्षीच्या भातलावणीपासून ते आलेलं नाही. मग आक्का "बरं" म्हणते, साडीवर चढवलेल्या सुदामदादाच्या जुन्या शर्टाच्या बाह्या वर सारते आणि त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसून गुरू ग्रहाच्या एका चंद्राकडे बघायला लागते.

तिच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आणि एक शेवगा आहे. त्यामुळे ही हाक मी रोज परसात दात घासताना ऐकतो. ऐकली की मला उगाच ओशाळं वाटतं. नेमकं कशाचं, ते सांगता येत नाही.

मी वीज खात्यात आहे, कशेळ्याच्या बाजूला एका उपकेंद्रात पाळीवर असतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्यामुळे आक्काच्या बाबतीत माझं मन कायम दबलेलं असतं. तसा मी कशानेही दबतो. कोणाच्या लग्नात अवेळी पाऊस आला तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी राहून गेलं. पण लाइट जाणं ही तर माझ्या खात्यातलीच गोष्ट. "अहो, फांदी पडली तारेवर. ती काय तुम्ही पाडलीत?" असं माझी बायको सविता विचारते. मी नाही म्हणतो, पण मनापासून म्हणवत नाही.

लाइट गेली की गावातले लोक माझ्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलतात. ते मला सोसतं. आक्का काहीच बोलत नाही, ते सोसत नाही. ती फोन करते आणि म्हणते, "विलास, जेवलास का रं?" बस, एवढंच. मागे तिच्या यंत्रांची बॅटरी संपत आल्याचं टीं टीं ऐकू येत असतं. अशा वेळी माणसाच्या घशाखाली घास कसा उतरावा? एकदा वीज पडून दिवसभर लाइन बंद होती, तेव्हा मी न राहवून परसातले पेरू तिला नेऊन दिले. तिने एक पेरू उभ्या उभ्या खाल्ला.

"गोड हाय," ती म्हणाली. "पण माझा चंद्र पेरूवर चालत नाय रं."

हा चंद्र खोटा आहे. हे आक्काचंच म्हणणं. "खरा तिकडं गुरूपाशी. माझ्याकडं खोटा." शिकलेली माणसं याला सिम्युलेशन म्हणतात. आक्काही बाहेरच्या देशांतल्या लोकांशी पडद्यावर बोलताना तसंच म्हणते, आणि तेव्हा तिचं इंग्रजी असं धावतं की सविता भिंतीशी उभी राहून नुसती ऐकत राहते. पण बोलणं संपलं की आक्का खिडकीतून आमच्याकडे बघून म्हणते, "पोरं हुशार हायती. पण घाई लय."

ती पेज नदीच्या काठच्या भातकऱ्याची मुलगी. गावातून शिकायला मुंबईला गेली, तिथून परदेशात, आणि तिकडेच तिची उमर गेली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "वेळ चुकली. नंतर गर्दी कमी झाली." सुदामदादाला लकवा झाल्याचं कळलं तेव्हा तिकडचं घर आवरून ती कायमची परत आली. माणसं परदेशातून येताना अत्तरं आणतात, चॉकलेटं आणतात. आक्का आली आणि पंधरवड्यात तिच्या दाराशी टेंपो लागला, त्यातून पाच मोठाले कॉम्प्युटर उतरले. भाताची पोती ठेवायच्या लाकडी मांडणीवर तिने ते ओळीने मांडले, दादाच्या खोलीत, त्याच्या पलंगाच्या समोर. वर थंड हवेचं मशीन बसवलं. सगळं चालू झालं की लांबवर भातगिरणी चालल्यासारखा आवाज येतो, आणि तो रात्रंदिवस थांबत नाही.

गावाला हे पटलं नाही. पारूकाकू तर तोंडावर बोलली. "अगं सुमन, आजारी माणसाच्या उशाशी गिरणी काय लावतीस?"

"उशाशी नाय, पायथ्याशी लावली," आक्का म्हणाली. "दोघांवर एकदम लक्ष राहतं."

मला त्या चंद्राबद्दल जे थोडंफार कळलं ते अशामुळे की आक्काने मला एकदा चंद्र केलं.

खरा चंद्र पूर्ण बर्फाने मढलेला आहे. गुरू ग्रह स्वतःभोवती फार वेगाने फिरतो, आणि फिरता फिरता आपलं चुंबकत्व आणि त्यात अडकलेला, विजेने भारलेला विरळ वायू गरगर ओढत नेतो. त्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. चंद्र आपल्या चालीने चाललेला असतो. हा वारा त्याच्याहून वेगात, म्हणून तो मागून येऊन धडकतो. आणि चंद्र गुरूकडची बाजू कधी बदलत नाही, त्यामुळे मार कायम पाठीवरच. आता हे तोंडी सांगून कोणाला समजणार? आक्का मला एका रविवारी पेजेवर घेऊन गेली. पेजेला वीजघरातून सोडलेलं पाणी येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती असते. तिने मला मांडीभर पाण्यात, प्रवाहाकडे पाठ करून उभं केलं. स्वतः वरच्या अंगाला खडकावर बसली. शेजारी गिरणीतून आणलेलं पोतंभर तूस. मूठमूठ तूस ती पाण्यात सोडायची आणि ते माझ्या पायांना कसा वळसा घालतं ते बघायची.

"हलू नको रं."

"आक्का, चंद्र तर फिरतो ना?"

"तू नको फिरू. तू नुसता अडचण हो."

हे मात्र मला चांगलं जमतं. मी तसाच उभा राहिलो. खालच्या अंगाला पारूकाकू कपडे धूत होती. माझ्या पायांना वळसा घालून गेलेलं सगळं तूस तिच्या धुतलेल्या चादरीवर जाऊन बसलं.

"विलास, काय हरवलं काय रं पाण्यात?"

"नाय काकू. मी चंद्र हाय."

पारूकाकूने माझ्याकडे पाहिलं, मग वर आक्काकडे. "आन् ती कोण?"

"मी गुरू," आक्का म्हणाली.

"मग गुरूला म्हणावं, माझी चादर धुवून दे."

आक्काने साडी खोचली, पाण्यात उतरली आणि खरोखर चादर धुवून दिली. मी पुढे कितीतरी दिवस पारूकाकूची माफी मागत होतो. शेवटी ती वैतागून म्हणाली की तूस परवडलं, पण तुझी माफी आवर.

परत येताना, ओल्या विजारीने चालता चालता, मी आक्काला विचारलं की तो वारा सारखा पाठीवर बसून त्या चंद्राचं होतं काय.

"बर्फ झिजतो. कण उडतात," ती म्हणाली. "त्या कणांचीच मग त्याच्याभोवती पातळ हवा होती. आन् तीच हवा वाऱ्याला जरा बाजूला सारती. मार खाऊन खाऊन त्यानं आपली आपण गोधडी शिवली बघ."

मला त्या चंद्राबद्दल आदर वाटायला लागला तो तेव्हापासून.

आक्काचा चंद्र राहतो एका डब्यात. डबा म्हणजे कॉम्प्युटरमधली मोजून घेतलेली जागा. मध्ये चंद्र ठेवायचा, एका बाजूने वारा सोडायचा आणि बघत बसायचं. पण डबा लहान घेतला तर गोची होते. चंद्राला धडकून उठलेल्या लाटा डब्याच्या भिंतीवर आपटून परत येतात आणि माणसाला वाटतं, हे सगळं चंद्रानेच केलं. आक्काची निम्मी उमर अशा परतून आलेल्या खोट्या लाटा ओळखण्यात गेली आहे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही घोटाळ्यावर तिचं पहिलं म्हणणं ठरलेलं असतं. "डबा लहान पडला."

ग्रामसभेत नळाच्या लाइनीवरून दोन आळ्यांचं भांडण जुंपलं तेव्हा ती मागून म्हणाली, "डबा लहान पडलाय तुमचा. आपलंच बोलणं भिंतीवर आपटून परत येतंय आन् त्याच्याशीच भांडताय." सविताची भाकरी तव्याबाहेर गेली, तरी डबा लहान पडला. आता गावातली पोरं क्रिकेटमध्ये आउट झाली तरी हेच म्हणतात.

दुसरं म्हणणं, "एकदा झालं ते झालं नाय." म्हणजे एखादी गोष्ट एकदा दिसली की लगेच नाचायचं नाही. पुन्हा दिसते का बघायचं, आणि आपण काही केलं नाही तर दिसत नाही ना, तेही बघायचं. मी तिला एकदा सांगितलं की आमच्या साहेबांनी माझं कौतुक केलं. ती म्हणाली, "पुन्यांदा करू दे."

पण हे सगळं करायचं कशाला? हा प्रश्न विचारायला मला बरेच महिने लागले. तिला वाईट वाटेल असं वाटायचं. तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

"त्याच्या पोटात पाणी हाय. ते ऐकायचंय."

बर्फाच्या जाड थराखाली खारं पाणी आहे, समुद्रच्या समुद्र. आता तिथे जाऊन भोक पाडायची सोय नाही. मग बाहेरूनच ओळखायचं. गुरूचं चुंबकत्व त्या चंद्रावरून हेलकावे घेत जातं, म्हणजे बाहेरून एक प्रकारे हाक मारतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून ते पाणी आतून आपलं बारीकसं चुंबकत्व उभं करतं. म्हणजे ओ देतं. लगेच मात्र देत नाही, जरा मागे पडतं. किती जोरात दिली, किती मागे पडली, यावरून आत काय आहे ते समजायचं. अडचण एवढीच की प्लाझ्माच्या वाऱ्याचा गोंधळ इतका की त्यात ती ओ बुडून जाते. आक्काचं काम त्या गोंधळाचा अचूक हिशेब लावायचं. "गलका वजा केला की खाली उरतं ते पाणी." हे तिसरं म्हणणं. जत्रेत, बाजारात, मुलं घरात ओरडत असली तरी ती सविताला हेच सांगते, "गलका वजा कर गं."

सुदामदादा लकव्याआधी आमच्या गावातला सगळ्यात मोठा आवाज होता. शेतातून हाळी घातली की पेजेच्या दोन्ही काठांना ऐकू जायची. लहानपणी आक्का नदीपलीकडे शाळेत जायची आणि हा काठाला गुरं राखायचा. परत येताना ती पलीकडून ओरडायची, "सुदाम, हाय काय रं?" हा कुठूनही "हाय!" म्हणायचा, पाण्यात उतरून मध्यावर उभा राहायचा आणि तिचा हात धरून तिला अलीकडे आणायचा. त्याच्या काटकुळ्या पायांभोवती पाणी कसं फाटतं आणि पुढे जाऊन कसं जुळतं, ते ती त्या वयात बघायची. "माझा पयला चंद्र ह्योच," असं तिने मला एकदा सांगितलं होतं. परदेशातून तिचा फोन यायचा तेव्हाही पहिलं वाक्य तेच असायचं. दादा ओटीवरून "हाय!" असा गरजायचा की फोनची गरज काय, असं आम्हाला वाटायचं.

त्या माणसाला आता कूस बदलून द्यावी लागते. डोळे उघडे असतात, पण कोणावर ठरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही समजत असेल असं दिसत नाही. आक्का त्याला भरवते, पुसते, दुपारी त्याच्याशी भांडतेसुद्धा. "विहिरीकडच्या वावरात तू इंद्रायणी लावलास, बोल, कोणाला विचारून?" असं.

दादाचा मुलगा महेश खोपोलीत कारखान्यात आहे. फार भला मुलगा. दर रविवारी येतो, बापाची नखं कापतो, दाढी करतो. त्यानेच एक दिवस विषय काढला. मी तिथे होतो, आणि निघून जावं की बसावं हे न ठरल्यामुळे दारात उभा होतो.

"आत्या, खोपोलीत एक चांगलं शुश्रूषा केंद्र हाय. नर्स असते, व्यायाम देणारा येतो. मला कामावरून सुटलं की रोज जाता येईल."

"हितं काय कमी हाय?"

"कमी काय नाय गं. पण तुझं वय बघ. तू पडलीस तर? आन् बाबांना काही समजत नाय. ते कुठं हायेत तेही त्यांना म्हाईत नाय."

"त्याला समजतं."

"कशावरनं?"

ज्या बाईने जन्मभर 'कशावरनं' हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला, तिला तो पहिल्यांदा कोणीतरी घरात विचारला होता, आणि तिच्यापाशी दाखवायला काही नव्हतं. ती खोटं बोलू शकली असती. बोटं हलवतो, डोळ्यांत पाणी येतं, असं काहीही सांगता आलं असतं, महेश विरघळला असता. ती म्हणाली, "पुरावा नाय. भात कापून होईस्तवर मला वेळ दे. तवर काय दिसलं नाय तर ने."

त्यानंतर ती हाक आणखी मोठ्याने यायला लागली. मी ब्रश तोंडात धरून भिंतीपलीकडे कान द्यायचो. "सुदाम, हाय काय रं?" भातगिरणीचा घुं आवाज. मग "बरं". मग खुर्ची सरकल्याचा आवाज. शेतं पिवळी पडली, कापणी सुरू झाली, झोडणी झाली, पेंढे रचले गेले. चंद्राचा हिशेबही शेवटाला आला होता. गणपतीपासून चाललेला तो हिशेब आणखी थोडे दिवस चालला असता की पुरा झाला असता, आणि तिकडची मंडळी त्याची वाट बघत होती.

तेवढ्यात आमच्याकडे दिवसभर लाइन बंद ठेवायचा हुकूम आला. डोंगराच्या अंगाला ठाकरवाडी आहे. तिथला ट्रान्सफॉर्मर परतीच्या पावसात जळला होता आणि तेव्हापासून वाडी अंधारात होती. नवा आला होता, तो चढवायचा होता. आणि तारीख नेमकी तीच, ज्या दिवशी महेश गाडी घेऊन येणार होता. महेशने मला आधीच फोन केला होता. "काका, बाबांना उचलताना एक बाजू धराल ना?" मी हो म्हटलं होतं. नाही म्हणायला मला येत नाही. म्हणजे आक्काचा चंद्रही मीच बंद करणार आणि आक्काचा भाऊही मीच उचलून देणार. आदल्या दिवशी तिच्याकडे जाताना मी पुन्हा पेरू घेतले. ते दारातच खाली ठेवले.

"आक्का, उद्या दिवसभर लाइट नाही. ठाकरवाडीचा ट्रान्सफॉर्मर बसवायचाय. मी साहेबांना म्हणून बघू का, दोन दिवस पुढं..."

"वाडीत लाइट कधीपासून नाय?"

मी सांगितलं.

"मग मला काय विचारतोस? वाडीत माणसं राहत्यात. माझ्या चंद्रावर कोण राहत नाय." मग पेरूंकडे बघून म्हणाली, "ते घरात आण. बाहेर मुंग्या लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाइन बंद केली, चार्ज पुढच्या पाळीवाल्याला दिला आणि तसाच तिच्याकडे आलो. महेश आला होता. गाडीतली मागची सीट काढून त्याने गादी अंथरली होती. तो आत-बाहेर करत बापाचं सामान नेत होता. आक्का बॅटरीवर चाललेली यंत्रं एकेक करून बंद करत होती. चाललेला हिशेब तिने जपून ठेवला. शेवटचं यंत्र बंद करताना पडद्यावर हात टेकवून "नीज आता" म्हणाली. शेवटचा पंखा फिरत फिरत थांबला.

आणि खोलीत पेजेचं पाणी ऐकू आलं. पाणी तर खिडकीबाहेर रोजच वाहत असायचं.

आक्का पलंगापाशी स्टुलावर बसली. सकाळपासूनच्या गडबडीत तिने हाक मारलेली नव्हती.

"सुदाम, हाय काय रं?"

मान तिरकी. थांबली. मग "बरं" म्हणाली आणि सवयीने स्टूल फिरवून पडद्याकडे वळली. पडदा काळा होता. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा भावाकडे वळली. तिला जायला दुसरी जागा नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती बसली.

"आत्या, औषधांची पिशवी?"

"खुंटीला."

महेश गेला. मी एक गोधडी उगाच घडी करत होतो. घडी झाली, मोडली, पुन्हा केली. खाली घाटावर पारूकाकूचं कपडे धोपटणं चाललेलं. कशेळ्याच्या रस्त्यावर जीपवाल्याने हॉर्न दिला. बराच वेळ गेला. हाक मारली होती हेही मी विसरून गेलो होतो.

"हा...य."

तो शब्द होता असं म्हणणं जरा जास्त होईल. खोल विहिरीत तळाशी पाणी हललं तर वर जसं येतं, तसं काहीतरी होतं. दादाचे ओठ जेमतेम सुटले होते.

महेश दारात पिशवी घेऊन उभा. "कोण बोललं?"

"मी नाही," मी सवयीने म्हणालो.

आक्का रडली नाही, उठली नाही. तिने एक बोट वर केलं. "एकदा झालं ते झालं नाय. बसा खाली. कोणी काय विचारायचं नाय. बघू आपोआप येतं का."

आम्ही जमिनीवर बसलो. खूप वेळ बसलो. काही आलं नाही. महेशच्या चेहऱ्यावरचं सगळं परत खाली उतरलं. मग आक्काने हाक मारली, नेहमीच्या आवाजात, आणि आम्ही पुन्हा थांबलो. पेजेचं पाणी वाहत होतं. धोपटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. आणि पहिल्यासारखाच, खूप उशिराने, तो आवाज आला.

"आता तू," ती महेशला म्हणाली.

"बाबा," महेश म्हणाला. "बाबा, हायसा का?"

थोड्या वेळाने त्याला राहवेना, तो पुन्हा बोलायला गेला. आक्काने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो हात तसाच राहिला, उत्तर येईपर्यंत. उत्तर आलं तेव्हा त्या हातावरून महेशच्या डोळ्यांतलं पाणी वाहत होतं.

"डबा लहान पडला," आक्का म्हणाली. आमच्यापैकी कोणालाच नाही, खालच्या जमिनीकडे बघून. "माझा. मी इचारायची आन् लगेच चंद्राकडं फिरायची. वर ही गिरणी लावलेली." तिने मान हलवली. "ह्यो रोज ओ देत असंल रं विलास. माझ्या पाठीला."

महेशने औषधांची पिशवी उठून परत खुंटीला अडकवली. मग बाहेर जाऊन गाडीतली गादी आणली. एका बाजूने मी धरली, उचलायचं कबूल केलं होतं म्हणून.

संध्याकाळी वाडीचे दिवे लागलेले आमच्या अंगणातून दिसले. गावातही लाइट आली. आक्काच्या खोलीतून मात्र गिरणीचा आवाज आला नाही. पुढच्या आठवड्यात महेशने आणि मी ती पाचही यंत्रं मागच्या गोठ्यात नेऊन लावली. म्हशी कधीच विकलेल्या आहेत, जागा रिकामीच होती. आता चंद्र तिथे राहतो. हिशेब जिथे थांबवला होता तिथून पुढे चालू झाला. तिकडच्या मंडळींनी उशिराचं कारण विचारलं तेव्हा आक्काने इंग्रजीत सांगितलं की घरी एक निरीक्षण करायचं राहिलं होतं. ते सविताने ऐकलं आणि मला मराठीत सांगितलं.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, फार मोठी आशा धरू नका, शब्द एवढा एकच राहील कदाचित. पण समजतं, हे त्यांनी मान्य केलं. आक्काने डॉक्टरांना विचारलं, "कशावरनं?" आणि त्यांनी जे सांगितलं ते नीट ऐकून घेतलं.

मी अजून रोज सकाळी परसात दात घासतो. पलीकडून हाक येते. "सुदाम, हाय काय रं?" मी ब्रश थांबवतो. तोंडात फेस धरून उभा राहतो. सविता आतून ओरडते, "अहो, दूध उतू चाललंय, किती वेळ?" मी आक्कासारखं एक बोट वर करतो. दूध उतू जातं. ते माझ्यामुळे गेलं हे मला माहीत असतं, आणि त्याचं मला अजिबात काही वाटत नाही. पेजेचं पाणी ऐकू येत असतं. एवढ्या लांबून माझ्यापर्यंत दादाचा आवाज कधीच पोहोचत नाही. मी थांबतो तो पुढच्यासाठी.

मग केव्हातरी भिंतीपलीकडून आक्का म्हणते, "बरं."

आणि मी चूळ भरतो.